'पासून' एकच, पण इंग्रजीत दारं दोन

"आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज." आपल्या सीमाभागात रजेचे अर्ज वाचणाऱ्या शिक्षकांना हे वाक्य तोंडपाठ असतं. मुलगा मराठी माध्यमाचा असो की कन्नड माध्यमाचा, चूक एकच. आणि ती आळसातून आलेली नसते, घरातल्या दोन भाषांतून आलेली असते.

मराठीत आपण 'सोमवारपासून ताप आहे' म्हणतो, तसंच 'दोन दिवसांपासून ताप आहे' असंही म्हणतो. कन्नडमध्येही 'सोमवारदिंद' आणि 'एरडु दिवसदिंद'. ताप कधी सुरू झाला आणि त्याला किती दिवस झाले या खरं तर दोन गोष्टी, पण आपल्या दोन्ही भाषा त्या एकाच दारातून आत घेतात. इंग्रजीत तसं नाही. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स 2019, सिन्स दिवाळी. मोजलेला काळ सांगायचा तर 'फॉर': फॉर टू डेज, फॉर सिक्स इयर्स. (जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखाच 'झाइट' हा एक शब्द दोन्हीकडे चालतो. तेव्हा या चुकीत आपल्याला सोबत आहे!)

मुलांना मी एक खूण सांगतो. 'गेले दोन दिवस', 'गेली सहा वर्षं' असं बसतं का पाहा. बसलं की 'फॉर'. 'गेल्या सोमवारपासून' याने गोंधळू नका. तिथे वार आहे, मोजणी नाही. 'उद्यापासून' आलं तर दोन्ही शब्द बाजूला ठेवून सरळ 'फ्रॉम टुमॉरो' म्हणा.

खरी मेख पुढेच आहे, ती क्रियापदात. 'मी तीन वर्षांपासून तिथं काम करतो' असं आपण वर्तमानकाळात म्हणतो, कन्नडमध्येही तसंच. इंग्रजीत मागे सुरू झालेलं अजून चालू आहे हे सांगायचं काम 'हॅव' किंवा 'हॅज' करतं. एकटा 'फॉर' ते सांगत नाही. 'ही वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला. 'ही हॅज वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' म्हणजे तो अजून तिथंच आहे. अनुभवाच्या दाखल्यावर एवढ्या एका 'हॅज'ने अर्थ फिरतो. नोकरीच्या अर्जात 'आय वर्क्ड' लिहिलंत, तर समोरचा विचारणारच, "मग सोडली का?" डॉक्टरांना इंग्रजीत कळवतानाही तेच. 'आय टुक धिस टॅब्लेट फॉर फाइव्ह डेज' याचा अर्थ गोळी आता बंद आहे. चालू असेल तर 'आय हॅव बीन टेकिंग' असं लिहावं लागेल.

'सिन्स'चं आणखी एक रूप आहे, 'कारण की' या अर्थाचं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'त्यानंतर' असा. त्यातूनच पुढे 'त्यामुळे'ची छटा आली. म्हणून 'सिन्स फादर वेंट टू पुणे, वी हॅव स्टेड विथ आजी' या वाक्यात बाबा गेल्यापासून की गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. गप्पांत चालून जाईल, पण अर्जात कारण द्यायचं असेल तर तिथे 'बिकॉज'च लिहा.