दान ऑक्टोबरात, वसुली जानेवारीत

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला. शेतकऱ्याची सुगी आटोपलेली असावी आणि थंडीने रस्ते बंद झालेले नसावेत, असा त्यामागील हिशेब सांगितला जातो. सुगीनंतर मतदान, ही मूळची योजना. विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी तिच्यात एक सुधारणा केली. सुगी आली नसेल, तर मतदानापुरती ती सरकारी खर्चाने आणावयाची आणि तिचा खर्च मतपेट्या उघडल्यानंतर मांडावयाचा. या सुधारणेचा नमुनेदार प्रयोग १९७२ च्या निवडणुकीत झाला. तो इतका पद्धतशीर होता की, अमेरिकन राजकारणाचे अर्थशास्त्र शिकू इच्छिणाऱ्याने आजही प्रथम तोच अभ्यासावा.

त्या प्रयोगाची मुळे १९६० सालात आहेत. रिचर्ड निक्सन तेव्हा उपाध्यक्ष होते आणि अध्यक्षपदासाठी उभे होते. मंदीची चाहूल लागली असून पतपुरवठा सैल करावा व सरकारी खर्च वाढवावा, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ आर्थर बर्न्स यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांना दिला होता. आयसेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळाने तो मानला नाही. मंदी आली, बेकारी वाढली आणि सुमारे ६ कोटी ८० लाख मतांच्या त्या लढतीत निक्सन अवघ्या सव्वा लाखाहूनही कमी मतांनी केनेडींकडून पराभूत झाले. १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मपर पुस्तकात त्यांनी ही खंत नमूद करून ठेवली आहे. पराभवापासून धडा घेणारे पुढारी सर्वत्रच दुर्मिळ असतात. निक्सन यांनी तो घेतला. मात्र बेकारी वाईट, हा तो धडा नव्हता. निवडणुकीच्या वर्षातील बेकारी वाईट, एवढाच तो होता.

१९६९ साली निक्सन अध्यक्ष झाले. १९७० च्या जानेवारीत तेच बर्न्स फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी आले. पुढे उघड झालेल्या व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींवरून दिसते ते असे की, पैसा स्वस्त करण्यासाठी अध्यक्षांनी आपल्या या जुन्या सल्लागारावर सतत दडपण आणले. परंतु एक अडचण होती. १९७० च्या अखेरीस बेकारी ६ टक्क्यांच्या घरात पोचली होती आणि भाववाढही थांबत नव्हती. पैसा सैल सोडला तर भाव भडकणार, आवळला तर बेकारी वाढणार. खुल्या बाजाराच्या या कट्टर पुरस्कर्त्याने त्यावर जो तोडगा काढला तो खुल्या बाजारातला नव्हता. किंमतींवर सरकारी नियंत्रण आपण कदापि आणणार नाही, असे निक्सन सांगत आले होते. १९४२ साली टायरांच्या रेशनिंगच्या कचेरीत त्यांनी स्वतः नोकरी केली होती आणि त्या अनुभवाचा दाखला ते देत असत. तरीही १५ ऑगस्ट १९७१ रोजी, रविवारी रात्री, त्यांनी दूरचित्रवाणीवरून वेतने आणि किंमती ९० दिवसांसाठी गोठवल्याचे जाहीर केले. त्याच भाषणात आयातीवर १० टक्के अधिभार बसला. औंसाला ३५ डॉलर या दराने परकीय सरकारांना सोने देण्याचे वचनही त्याच रात्री स्थगित झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे उभारलेल्या जागतिक चलनव्यवस्थेचा पाया असा एका भाषणात निखळला.

सोने परदेशी वाहून चालले होते, हे खरे. आज ना उद्या ते वचन मोडावेच लागणार होते, हेही खरे. तथापि गोठवणुकीचा वर्गीय आशय दृष्टिआड करता येत नाही. वेतने गोठली, किंमती गोठल्या. नफा आणि व्याज मात्र मोकळे राहिले. पुढे पगारमंडळ स्थापन झाले आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये वेतनवाढीला साडेपाच टक्क्यांची मर्यादा घातली गेली. कामगाराचा पगार ज्या कचेरीतून निघतो ती कचेरीच मर्यादेची पहारेकरी असते. त्यामुळे हा नियम चोख पाळला जातो. किंमतींवर पहारा ठेवायला मात्र देशातील प्रत्येक दुकानात एकेक निरीक्षक बसवावा लागला असता. मार्च १९७२ मध्ये जॉर्ज मीनी आणि इतर कामगार प्रतिनिधी त्या मंडळातून उठून गेले. मंडळ चालू राहिले. किंमतींचे झाकण घट्ट बसले होते. आता खाली जाळ वाढवायला हरकत नव्हती.

जाळ कसा वाढला, तेही पाहण्यासारखे आहे. १२ मार्च १९७१ रोजी कृषिमंत्र्यांनी दुधाचा आधारभाव वाढणार नाही असे जाहीर केले होते. २३ मार्चला दूध उत्पादकांच्या संघटनांचे पुढारी अध्यक्षांना भेटले आणि २५ मार्चला तो वाढल्याचे जाहीर झाले. निक्सन यांच्या निवडणूक निधीला याच संघटनांनी मोठ्या देणग्यांचे वचन दिले होते, हे पुढे वॉटरगेटच्या चौकशीत बाहेर आले. जुलै १९७२ मध्ये सोव्हिएत संघाला तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरपर्यंतचे धान्य उधारीवर देण्याचा करार झाला. गहू पिकवणाऱ्या राज्यांत आनंदीआनंद झाला. सोव्हिएत खरेदीदारांनी बड्या धान्य कंपन्यांशी गुपचूप सौदे करून अमेरिकेच्या पिकाचा सुमारे चौथा हिस्सा उचलला. त्यावर अमेरिकन खजिन्याने निर्यात-अनुदानही मोजले. साम्यवादाचा कट्टर शत्रू म्हणून ज्यांची कारकीर्द घडली, त्यांच्याच अमदानीत मॉस्कोला अमेरिकन करदात्याच्या खर्चाने स्वस्त गहू मिळाला.

या सर्वांवर कळस चढला तो वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा. सरकारची तयारी प्रथम ५ टक्के वाढीची होती. परंतु प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे डेमोक्रॅटिक अध्यक्ष विल्बर मिल्स हे स्वतः त्या वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीची स्वप्ने पाहत होते. त्यांनी २० टक्क्यांची बोली लावली. लिलाव सुरू झाल्यावर मागे कोण राहणार? १ जुलै १९७२ रोजी निक्सन यांनी २० टक्के वाढीच्या विधेयकावर सही केली. वाढीव रकमेचे धनादेश ऑक्टोबरच्या प्रारंभी, मतदानाला पाच आठवडे उरले असता, घरोघरी पोचले. सोबत एक छापील चिठ्ठी होती आणि वाढीच्या कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांनी सही केल्याची आठवण तिच्यात होती. या वाढीसाठी लागणारी वेतनातील जादा कपात मात्र जानेवारी १९७३ पासून लागू होणार होती. तिच्याबरोबर कोणाच्या सहीची आठवण देण्याची गरज भासली नाही. शिवाय ही कपात वर्षाला १०,८०० डॉलरपर्यंतच्या वेतनावरच होती. कारखान्यातील कुशल कामगार आणि कारखान्याचा संचालक यांची कपात त्यामुळे सारखीच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची कला मराठी माणसाला परिचित आहे. येथे ते कामगाराच्या घरावर ठेवले गेले.

विशेष गंमत अशी की, त्याच वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी प्रत्येक नागरिकाला वर्षाकाठी एक हजार डॉलर देण्याची आणि त्यासाठी श्रीमंतांवर अधिक कर बसवण्याची कल्पना मांडली होती. ती खजिना बुडवणारी आणि लोकांना आळशी करणारी ठरवण्यात आली. तिची यथेच्छ टिंगल झाली आणि ऑगस्टमध्ये मॅकगव्हर्न यांना ती सोडून द्यावी लागली. त्यांचा अपराध दान देण्याचा नव्हता. दानाचा खर्च कोणाकडून वसूल होणार, हे त्यांनी मतदानाच्या आधी सांगितले, हा तो अपराध. ७ नोव्हेंबर १९७२ रोजी निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

त्यानंतर बिले येऊ लागली. जानेवारी १९७३ मध्ये किंमतींवरील नियंत्रणे सैल करण्यात आली आणि कोंडलेली वाफ उसळून बाहेर पडली. एप्रिलमध्ये गृहिणींनी मांसखरेदीवर बहिष्कार घातला. जूनमध्ये पुन्हा ६० दिवसांची गोठवणूक आली. खाद्याचा भाव चढलेला आणि कोंबडीचा गोठलेला, अशा पेचात सापडलेल्या काही कुक्कुटपालकांनी हजारो पिले पिंपांत बुडवून मारली. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव कडाडले. त्याचा दोष निक्सन यांच्याकडे जात नाही. परंतु त्याआधीच घर पेटलेले होते. १९७४ साली भाववाढीचा दर ११ टक्क्यांवर गेला. मंदी आली आणि तिच्यामागून १९६० च्या सुमारे दुप्पट माणसे बेकार झाली. जानेवारी १९७३ मध्येच गरिबांसाठीच्या अनुदानित घरबांधणीला नवी मंजुरी देणे थांबवण्यात आले आणि काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्च न करता अडवून ठेवण्याचा सपाटा लागला. काटकसर हा सद्‌गुण आहे, याचा साक्षात्कार मतदानानंतर दोन महिन्यांतच व्हावा, हा योगायोग म्हणावयाचा.

ज्यांना अमेरिकेत मताचा अधिकार नाही, त्यांच्याही नावे या खर्चाचा काही भाग पडला. सोव्हिएत खरेदी आणि अनेक देशांतील नापिकी यांमुळे गव्हाचा जागतिक भाव वर्षभरात दुपटीहून अधिक झाला. नेमक्या त्याच वेळी महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता. सवलतीच्या दरातील अमेरिकन धान्य तोपर्यंत बंद झाले होते, त्यामुळे भारताला चढ्या बाजारात उतरावे लागले. रेशनच्या रांगेत उभे राहून मिलो घरी नेणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला कॅन्ससच्या मतदारसंघाशी आपला काही संबंध असेल, अशी शंकाही आली नसेल. पुढे १९७३ साली सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन गहू उसना दिला, याची कृतज्ञतेने नोंद केली पाहिजे. आणि वर्षभरापूर्वी बाजारातून धान्याचे डोंगर कोणी उचलले होते, याचीही.

या प्रकाराला अर्थशास्त्रात नाव आहे. विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ साली ‘राजकीय व्यापारचक्रा’चे गणित मांडले. निवडणुकीपूर्वी रोजगार वाढवावयाचा, नंतर भाव रोखण्यासाठी तो घटवावयाचा आणि मतदाराच्या विस्मरणशक्तीवर विसंबावयाचे, हा त्याचा सारांश. परंतु नामकरणाचा मान मिखाल कालेत्स्की यांचा. १९४३ च्या निबंधात या पोलिश अर्थशास्त्रज्ञाने अधिक खोलवरची गोष्ट सांगितली होती. सरकारने मनात आणले तर पूर्ण रोजगार साधता येतो, हे मालकवर्ग जाणतो. म्हणूनच तो कायम टिकलेला त्याला नको असतो. कारण कामावरून काढून टाकण्याची भीती नाहीशी झाली की, कारखान्यातील शिस्तीचा पायाच ढासळतो. तेजी क्षणिक असली तर चालते. ती हक्क बनता कामा नये. नॉर्डहाउस यांचे चक्र मतदाराच्या विस्मरणावर फिरते; कालेत्स्कींचे मालकाच्या स्मरणावर.

निक्सन ९ ऑगस्ट १९७४ रोजी गेले, रीत गेली नाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या मदतीचे १२०० डॉलरचे धनादेश निघाले, तेव्हा त्यांच्यावर अध्यक्ष ट्रम्प यांचे नाव छापलेले होते. चिठ्ठीचे काम धनादेशावरच उरकले गेले. जून २०२४ मध्ये ट्रम्प यांनी नेवाडा राज्यातील लास व्हेगास या हॉटेलांच्या शहरी वेटरांच्या टिपांवरील प्राप्तिकर काढून टाकण्याचे वचन दिले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात कमला हॅरिस यांनीही तसेच वचन दिले. मिल्स-निक्सन लिलावाची ही नवी आवृत्ती. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने टिपांच्या २५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर ही सूट दिली, तीही २०२८ पर्यंतच. त्याच कायद्याने गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी अनेक प्रौढांना कामाच्या तासांचा पुरावा देण्याची अट घातली. ही अट राज्यांनी लागू करण्याची मुदत १ जानेवारी २०२७ ठरवण्यात आली. काँग्रेसच्या निवडणुकीची तारीख ३ नोव्हेंबर २०२६. मधले आठ आठवडे कशासाठी, हे १९७२ ची पंचवार्षिक पंचांगे चाळलेल्याला सांगावे लागू नये. टिपांवर जगणाऱ्या कामगाराचे संघराज्याच्या कायद्यातील किमान वेतन १९९१ साली तासाला २ डॉलर १३ सेंट ठरले होते. या उदार कायद्याने त्याला हात लावला नाही. करमाफीचा भार सरकारी खजिन्यावर पडतो. वेतनवाढीचा हॉटेलमालकावर पडला असता.

एवढे पाहून ‘निवडणूक म्हणजे निव्वळ फसवणूक’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो चुकीचा आहे. १९७२ च्या त्या विधेयकातच निवृत्तिवेतन महागाईशी आपोआप जोडण्याचे कलम होते. १९७५ पासून ते अमलात आले आणि आजही अमेरिकेतील कोट्यवधी वृद्धांना त्याचा आधार आहे. अनुदानित घरांची मंजुरी अध्यक्षांच्या एका आदेशाने थांबली. निवृत्तिवेतनाचे कलम मात्र नंतर आलेल्या कोणत्याही अध्यक्षाला पुसता आले नाही. कारण ते कायद्यात होते, प्रत्येक वृद्धाला लागू होते आणि मतदानास चुकत नाही असा मोठा मतदारवर्ग त्याच्या राखणीला उभा होता. म्हातारीच्या हाती पडलेले २० टक्के खोटे नव्हते. ते देणाऱ्याचा हेतू खोटा होता. राज्यकर्ता ऑक्टोबरात जे देऊ करतो ते नाकारण्यात शहाणपण नाही. ते जानेवारीतही टिकेल, अशा शब्दांत त्याच्याकडून लिहून घेण्यात आहे. खर्च कोणाच्या नावे पडणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. मॅकगव्हर्न यांचा अपराध हाच होता, आणि तो पुन्हा पुन्हा करावा असाच आहे.