रक्ताच्या बाटलीमागचा इतिहास : हेपटायटिस सी आणि हरवलेले दशक

१/१३
२६ जुलै १९८२. बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर इजा झाली. मुंबईत उपचार सुरू असताना सुमारे २०० रक्तदात्यांचे ६० बाटल्या रक्त त्यांना चढवले गेले, असे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. त्या रक्ताने त्यांचे प्राण वाचवले. त्याच रक्तातून हेपटायटिस बीचा विषाणूही आला.

२/१३
हे उघड झाले २००० च्या सुमारास, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. जुहूच्या या नामवंत रहिवाशाची हकीकत इतिहासात नोंदली गेली. त्याच काळात घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील सामान्य कुटुंबांत बाळंतपणाच्या वा अपघाताच्या वेळी चढवलेल्या रक्ताची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

३/१३
बच्चन यांना झालेल्या बी प्रकाराचा विषाणू विज्ञानाला तेव्हा ठाऊक तरी होता. बरूच ब्लुमबर्ग यांना त्या शोधासाठी १९७६ चे नोबेल मिळाले होते. हेपटायटिस सीला तर १९८२ मध्ये नावही नव्हते. १९७५ पासून वैद्यकीय ग्रंथांत त्याचा उल्लेख ‘ए नव्हे, बी नव्हे’ असा केवळ नकारार्थी होत असे.

४/१३
या नकारार्थी नावाच्या इतिहासात पुण्याचेही पान आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी व सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांसह १९८० मध्ये दाखवून दिले, की दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथही ए वा बीची नव्हती. पाण्यातून पसरणारा तो प्रकार पुढे ‘ई’ ठरला. रक्तातून पसरणारा ‘सी’ अजून अंधारातच होता.

५/१३
१९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी तो विषाणू ओळखला. १९९० मध्ये अमेरिकेत रक्तदात्यांची चाचणी सुरू झाली. भारतात प्रत्येक रक्तपिशवीची ही चाचणी सक्तीची झाली ती २००१ च्या सुमारास. हे मधले दशक या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे.

६/१३
न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्या वर्षांत एड्सच्या भीतीने रक्तपेढ्यांचे सारे लक्ष वेधले होते आणि नवी चाचणी महाग होती. शिवाय पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते हा व्यवस्थेचा मोठा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती प्रथा बंद झाली.

७/१३
तरीही कारणे समजली म्हणून परिणाम पुसले जात नाहीत. हा विषाणू शिरला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. वीस-तीस वर्षे तो यकृत पोखरत राहतो. जलोदर किंवा रक्ताची उलटी होते तेव्हा सिरोसिस झालेला असतो आणि पुष्कळदा प्रत्यारोपण हाच एक मार्ग उरतो.

८/१३
आणि हा मार्गही फसवा होता. विषाणू रक्तात असताना प्रत्यारोपण झाले, तर नव्या यकृतालाही जवळपास निश्चितपणे संसर्ग होत असे. शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबून टाकत. जे नुकसान एरवी दोन-तीन दशकांत होते, ते सुमारे पाचातल्या एका रुग्णात पाच वर्षांत होई. कुटुंबातल्या कोणी स्वतःच्या यकृताचा तुकडा काढून द्यावा आणि तोही असा जावा!

९/१३
इंटरफेरॉनची इंजेक्शने प्रत्यारोपित रुग्णांना सोसवत नसत. चित्र पालटले ते सोफोसबुविरने. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली; १२ आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर! २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले आणि २०१५ मध्ये भारतात २८ गोळ्यांची बाटली सुमारे २०,००० रुपयांत मिळू लागली.

१०/१३
हा चमत्कार नव्हता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली आणि त्या आश्रयाने देशी औषधनिर्मिती उभी राहिली. पहिल्या परवानाधारकांत मुंबईची सिप्ला होती, जिचे संशोधन घाटकोपरशेजारच्या विक्रोळीत चालते. नव्या औषधांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, प्रत्यारोपणानंतरसुद्धा.

११/१३
म्हणूनच ‘औषध सापडले, कथा संपली’ हे म्हणणे चुकीचे आहे. अंधेरी आणि मुलुंडच्या मोठ्या रुग्णालयांत आज यकृत प्रत्यारोपणे होतात. पण हेपटायटिस सीमुळे तिथवर पोहोचणारा प्रत्येक रुग्ण वेळेवर न झालेल्या एका रक्तचाचणीची साक्ष देतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी व औषध मोफत आहे. मात्र रुग्णाने स्वतःहून यावे, अशी अपेक्षा ठेवून चालणार नाही. ज्याला त्रासच होत नाही, तो येईल कशाला?

१२/१३
२००१ पूर्वी रक्त चढवलेल्या प्रत्येकाची एकदा तपासणी व्हावी, ही जबाबदारी पालिकेच्या दवाखान्यांनी उचलली पाहिजे. रक्तदाब मोजताना एकच प्रश्न पुरेसा आहे: “पूर्वी कधी रक्त चढवले होते का?” बोरिवलीत पालिकेचे थॅलेसेमिया केंद्र आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या त्या मुलांसाठी हा प्रश्न तर कायमचाच आहे.

१३/१३
इतिहासप्रेमी तरुण गडकोट आणि बखरी धुंडाळतात. त्यांच्या घरातील कपाटातही एक दप्तर असते: आजीच्या शस्त्रक्रियेची फाइल, आईच्या सिझेरियनचे पिवळे पडलेले कागद. त्यावर १९९० च्या दशकातील तारीख आणि ‘रक्त दिले’ अशी नोंद असेल, तर ते साधन वाचून ठेवून देण्यासाठी नाही. ते घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचे आहे.