चाखण्याचा सोहळा आणि चाखल्याचा गुन्हा

नाशिक, दिंडोरी, विंचूर या परिसरात आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग लागलेली असते. द्राक्षमळ्यात फेरी मारायची, पिंपे पाहायची आणि मग चार मित्रांनी एका टेबलाभोवती बसून पाच-सहा प्रकारच्या वाईन थोड्या थोड्या चाखायच्या, असा हा कार्यक्रम. हा प्रकार केवळ उच्चवर्णीय धनिकांपुरता राहिलेला नाही. आरक्षणाच्या आणि शिक्षणाच्या बळावर वर आलेले आपले अधिकारी, अभियंते, डॉक्टर आणि वकीलही या टेबलावर दिसू लागले आहेत. म्हणूनच या विषयाची चर्चा आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात व्हायला हवी. नाक मुरडून किंवा डोळे झाकून हा विषय संपणारा नाही.

प्रथम या चाखण्याविषयी प्रामाणिकपणे बोलू. वाईन चाखण्याची एक रीत आहे. पेला एकतृतीयांशच भरतात. पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग पाहतात, हलकेच फिरवून वास घेतात, मग एक घोट तोंडात घोळवतात. ज्याचा हा व्यवसायच आहे, असा जाणकार तो घोट गिळतही नाही, शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ अशा द्राक्षांच्या जाती, त्यांना पेरूचा वास येतो की मिरीचा, यावर मित्रांत वाद रंगतात. एका बाटलीत ७५० मिलिलिटर म्हणजे पाच पेले. त्यामुळे बाटली उघडली की ती वाटूनच घ्यावी लागते. मित्रांनी निवांत बसावे, एका बाटलीतले पाचजणांनी घ्यावे, गप्पा माराव्यात, यात निंद्य काय आहे? ज्या समाजाला कालपर्यंत हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत होता, त्याचा मुलगा आज कोणाच्याही बरोबरीने टेबलावर बसतो, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न पुढचा आहे. हाच घोट दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या भांड्यातून घेतला, तर त्याला कायदा काय म्हणतो?

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य २०२२ साली महाराष्ट्रात फार गाजले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा सत्तेतील मंडळींनीच हा युक्तिवाद केला. मोठा विरोध झाला, मग सरकारने हरकती-सूचना मागवण्याचा मार्ग धरला. वकील म्हणून सांगतो, या युक्तिवादाला कायद्याचा आधार नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेले सर्व द्रव पदार्थ ‘मद्य’ या एकाच शब्दात बसवलेले आहेत. साधा हिशेबही तेच सांगतो. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. १३ टक्के धरला, तर एका बाटलीत सुमारे ९७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क होतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये तो ७७ मिलिलिटर असतो. म्हणजे बाटली एकट्याने संपवणारा हा क्वार्टरवाल्यापेक्षा अधिकच मद्यार्क पितो. उलट ताज्या ताडीत वाईनपेक्षा मद्यार्क कमी असतो. तरीही वाईन ‘संस्कृती’ आणि ताडी ‘व्यसन’! हा भेद द्रवाचा नाही, पिणाऱ्याचा आहे.

या भेदाचा इतिहास जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आदिवासींची घरोघरीची मोहाची दारू बेकायदा ठरवली आणि सरकारी मक्त्याच्या भट्टीला गिऱ्हाईक मिळवून दिले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. मोहाचे फूल हे आदिवासींचे दुष्काळातले अन्न आहे, याचा विचार कोणी केला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा कायदा वैध ठरवला. तोच कायदा आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने लागू आहे.

कायदा एक, पण त्याची तोंडे दोन. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने राज्यात तयार होणाऱ्या द्राक्ष वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. पुढे प्रोत्साहन योजनेखाली २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उद्योजकाला परत देण्याची तरतूद झाली. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हे कारण दिले गेले, आणि ते अगदीच खोटे नाही. मग मोहफूल वेचणाऱ्या आदिवासी बाईच्या फुलाला भाव मिळावा, असे शंभर वर्षांत कोणाला का वाटले नाही? २०२२ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले आणि काजूबोंडे यांच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. गडचिरोलीच्या जंगलातील फुलाला प्रतिष्ठा मिळायची तर आधी त्याला विदेशी व्हावे लागते! या व्यवस्थेचा स्वभाव याहून स्पष्ट कोणी सांगू शकेल काय?

आता दुसरे तोंड पाहा. कलम ६५ खाली गाळणारा आणि विकणारा, कलम ६६(१)(ब) खाली बाळगणारा आणि पिणारा आरोपी होतो. या कलमांखाली दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात कोण उभे असते, ते कोणत्याही सकाळी जाऊन पाहावे. पारधी, कंजारभाट, वडार, आदिवासी, मातंग आणि आपलेही बांधव. हातात प्लॅस्टिकच्या कॅनचा पंचनामा आणि जामिनाला माणूस नाही. विदेशी मद्य बाळगायला आणि प्यायला कायद्याने परवाना लागतो, हे तारांकित हॉटेलात बसलेल्या किती जणांना ठाऊक आहे? तिथे तो परवाना विचारायला कोण जातो? १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा तर नावातच ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ हे शब्द घेऊन जन्मला. त्याखाली खटला न चालवता माणसाला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येते.

याचा अर्थ हातभट्टीचे समर्थन करावे असा नाही. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसे किड्यामुंगीसारखी मेली. मालवणीत मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला. मिथेनॉल मिसळणारा हा खुनीच आहे आणि त्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. मेलेले मात्र सर्व गोरगरीब होते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उतरलेल्या गावोगावच्या महिलांचा लढा म्हणूनच आदरणीय आहे. वाईन ‘हृदयाला चांगली’ असते, हा प्रचारही आता टिकणारा नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. कर्करोग द्राक्षाची जात विचारत नाही.

मग भूमिका कोणती घ्यायची? इथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडेच पाहावे लागते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या तत्त्वावर चर्चा झाली. जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या तांदळाच्या मद्याचा आणि त्यांच्या धार्मिक हक्काचा प्रश्न उभा केला. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यावर तत्काळ सक्ती नाही आणि आदिवासी भागांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे, असे उत्तर बाबासाहेबांनी दिले. अनुच्छेद ४७ आपल्यासमोर आहे तो असा. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात तर दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

यात विसंगती पाहणाऱ्यांना शील आणि दंड यांतला फरक कळलेला नाही. शील माणूस स्वतः होऊन स्वीकारतो, दंड राज्य लादते. शीलाने माणूस उभा राहतो. विषम समाजात दंड मात्र नेहमी खालच्या माणसाच्या पाठीवर पडतो. म्हणून स्वतःसाठी शील कडक ठेवावे आणि दुसऱ्यासाठी दंड मागताना दहा वेळा विचार करावा.

आपल्या नव्या मध्यमवर्गाने मात्र एक पळवाट काढली आहे. ‘आम्ही दारू पीत नाही, फक्त वाईन घेतो’ असे म्हणणारे विहाराच्या कार्यक्रमात पंचशीलही म्हणतात. पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या सर्व मद्यापासून दूर राहण्याचे आहे. त्यात बाटलीच्या किमतीनुसार सूट नाही. ज्याने प्रतिज्ञा घेतली, त्याने ती पाळावी. ज्याला पाळणे जमत नाही, त्याने निदान शब्दांचा कीस काढून धम्माला साक्षीला उभे करू नये. कोर्टात असले युक्तिवाद आम्ही फी घेऊन करतो. ते घरात फुकट करू नयेत. आणि मित्रांच्या टेबलावर जो पीत नाही, त्याच्यासमोर द्राक्षाचा रस ठेवावा, थट्टा ठेवू नये. मैत्रीची एवढी तरी रीत पाळली जावी.

आणखी एक गोष्ट. वाईनच्या चवीत माती, उतार, ऊन आणि थंडी उतरते, असे जाणकार सांगतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्चमधील तोडणी करणारे हात त्या वर्णनात कुठे आहेत? पेठ, सुरगाणा, हरसूलकडील आदिवासी मजूर कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत येतात, हंगाम संपला की परत जातात. ज्या पेल्यात पेरूचा वास शोधता येतो, त्या पेल्यामागची मजुरी शोधणे एवढे कठीण का व्हावे? पुढच्या वेळी मळ्याची फेरी घडवणाऱ्या मार्गदर्शकाला एक प्रश्न आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर विचारावा : इथल्या तोडणीच्या बाईला किमान वेतन मिळते का? तिची हजेरी नोंदवहीत आहे का?

चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. द्राक्षमळ्यांतील स्थलांतरित मजुरांना किमान वेतन आणि राहण्याची सोय मिळाली पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्याने मद्यावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना आणि पंचायतींना दिला आहे, तो कागदावर राहता कामा नये. मोहाच्या मद्याला प्रतिष्ठा देणार असाल, तर परवाना फूल वेचणाऱ्यांच्या संस्थांना द्या, मोठ्या कारखानदाराला नव्हे. केवळ पिण्याबद्दल गरिबाला लॉकअपमध्ये टाकणे थांबवा. व्यसन लागलेल्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार करा.

मित्रांसोबत बसून वाटून घेणे ही माणसाची चांगली सवय आहे. पेल्यात काय आहे, हे ज्याचे त्याने आपल्या शीलानुसार ठरवावे. परंतु एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकाला चाखण्याबद्दल दाद मिळते आणि दुसऱ्याला बेडी, ही गोष्ट संविधानाच्या अनुच्छेद १४ ला मान्य नाही. आपल्यालाही ती मान्य असता कामा नये, मग आपण कोणत्याही टेबलावर बसलेले असू.

जयभीम!