चतकोर दिवस आणि हिरवा बेडूक

दर चार वर्षांनी फेब्रुवारी संपत आला की घरोघरी हिरवे कार्डपेपर कापले जातात आणि त्यातून बेडूक जन्माला येतात. कारण काय, तर २९ फेब्रुवारी म्हणजे लीप डे, लीप म्हणजे उडी आणि उडी मारतो बेडूक! मंडळी, माझा या बेडकाला विरोध आहे. (बेडूक या प्राण्याशी माझं काही वाकडं नाही, हे आधीच सांगून ठेवते.)

इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही कोटी निदान ऐकू तरी येते. आपल्याकडे 'लीप' हे वर्षाचं नुसतं नाव. त्यात उडी आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? आणि सांगत कुणीच नाही. २०२४ साली माझ्या भाचीच्या शाळेतून बेडूक करून पाठवायचा निरोप आला. सोबत साहित्याची यादी, त्यात गरगर फिरणारे विकतचे डोळे. भाची झोपून गेल्यावर रात्री दहा वाजता ताईने ते डोळे चिकटवले. दुसऱ्या दिवशी मी भाचीला विचारलं, "बेडूक कशासाठी गं?" "टीचरनी सांगितलं म्हणून!" शंभर टक्के खरं उत्तर.

"एवढ्याशा मुलांना काय कळतंय? मजा करू दे की!" असं म्हणणारे घरातही आहेत. पण ज्या पोराला चतकोर पोळी कळते, त्याला लीप वर्ष कळतं. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस आणि वर जवळजवळ सहा तास लागतात. म्हणजे चतकोर दिवस! तो दरवर्षी उरतो. जुन्या कॅलेंडरच्या पानातून एक गोल पोळी कापा, तिचे चार चतकोर करा आणि त्यांवर २०२५, २०२६, २०२७, २०२८ लिहा. मुलाने ते वहीत जोडून चिकटवले की अख्खा दिवस तयार. त्याखाली त्यानेच लिहायचं, २९ फेब्रुवारी. झाला कागदकाम!

हे चतकोर टाकून दिले तर? शंभर वर्षांत कॅलेंडर सुमारे २४ दिवस पुढे पळेल आणि ७ जूनला वाट बघायचा पाऊस १ जुलैला येईल. हा हिशेब आपल्याला नवा नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट साचली की पंचांगात अधिक महिना येतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे वाढणाऱ्या आजीला शेजारी बसवा. ती हे कुठल्याही यादीपेक्षा छान समजावेल.

आणि बेडूक हवाच असेल, तर त्याला कामाला लावा. साध्या वर्षात ५२ आठवडे आणि वर एक दिवस असतो, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. मध्ये २९ फेब्रुवारी आली की मात्र दोन वार. १५ ऑगस्ट २०२२ साली सोमवारी होता, २०२३ साली मंगळवारी आणि २०२४ साली थेट गुरुवारी. बुधवारावरून उडी! एका लांब पट्टीवर सात वार लिहा आणि पाठीवर दाबलं की उडणारा घडीचा बेडूक त्यावर नाचवा. आता त्या उडीला काही अर्थ आहे. मुलं आपापल्या वाढदिवसाचा वार शोधायला लागतील, थांबवून बघा.

माझं भांडण हस्तकलेशी नाहीच. हात चालताना डोकं बाजूला ठेवायला लावणाऱ्या हस्तकलेशी आहे, आणि ती आईबापांनी रात्री जागून करण्याशी तर आहेच.

असो. पुढची २९ फेब्रुवारी २०२८ साली आहे. तेव्हा शाळेतून हिरव्या कार्डपेपरचा निरोप आला, तर बेडकासोबत चार चतकोरही पाठवून द्या. ताई, हे तुलाही लागू आहे बरं का!