मदत हा हक्क. मत ही परतफेड नव्हे

मनमाड हे नाव देशाच्या रेल्वे नकाशावर ठळक अक्षरांत आहे. अन्न महामंडळाचे विस्तीर्ण धान्यकोठार येथे आहे. जवळच पानेवाडीला इंधनाच्या टाक्या आहेत. धान्य आणि इंधन यांचे साठे सांभाळणाऱ्या या गावातील नळाला मात्र उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस पाणी न येण्याची पाळी वर्षानुवर्षे आलेली आहे. वागदर्डी धरण पावसाने भरले नाही की पालखेडच्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसावयाचे. ते आवर्तन केव्हा सोडावयाचे, हे ठरविणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदी मंत्री असतात. म्हणजे मनमाडचे पाणी जितके आभाळातून पडते, तितकेच राजकारणातूनही पाझरते. अशा गावात आपत्ती आणि निवडणूक एकाच वेळी आल्या म्हणजे काय होते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत नांदगाव तालुका, म्हणजे मनमाडही होते. १० मार्च २०१९ रोजी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि २९ एप्रिलला दिंडोरी मतदारसंघात, म्हणजेच मनमाडमध्ये मतदान झाले. दुष्काळी कामांसाठी आचारसंहिता शिथिल झाली ती त्यानंतर, मे महिन्याच्या आरंभी. वस्तुतः आचारसंहितेने चालू मदतकार्य थांबत नाही. नव्या घोषणांना आणि नव्या कामांना तेवढा आयोगाचा अडसर असतो. तेव्हा खरा प्रश्न आचारसंहितेचा नसून, दुष्काळ जाहीर झाल्यापासून ती लागू होईपर्यंत हाती असलेल्या चार महिन्यांचा होय. टंचाई ऑक्टोबरात दिसत असताना उन्हाळ्याची तजवीज त्याच चार महिन्यांत का करावयाची नाही, हा प्रश्न प्रचारसभेत सहसा कोणी विचारीत नाही. टँकर किती आले एवढेच विचारले जाते.

याला केवळ पुढारी जबाबदार आहेत असे म्हणून भागणार नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतील मतदानाचा अभ्यास करून दाखविले की, आपत्तीनंतरच्या मदतीचे बक्षीस मतदार सत्ताधाऱ्यांना देतात; आपत्तीपूर्वीच्या तयारीचे मात्र देत नाहीत. वास्तविक तयारीवर खर्चिलेला एक डॉलर पुढचे सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवितो, असा त्यांचा हिशेब होता. भारतातील विधानसभा निवडणुकांच्या २०१२ मधील अभ्यासाचा निष्कर्षही बोलका आहे. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यांना शिक्षा करतात, मदत जोमाने झाली तर ती शिक्षा सौम्य होते. पण हा सारा हिशेब मतदानापूर्वीच्या एका वर्षापुरताच लक्षात राहतो. सत्ताधाऱ्यांना हे गणित अभ्यासकांकडून शिकावे लागत नाही. धरणाचा गाळ काढण्यापेक्षा टँकरवर फलक लावणे अधिक फलदायी, हे ते अनुभवाने जाणतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती. पूरग्रस्तांना वाटावयाच्या गहू-तांदळाच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रे चिकटविलेली दिसली आणि राज्यभर टीकेची झोड उठली. सरकारी तिजोरीतील, म्हणजे जनतेच्याच घामाच्या पैशाचे धान्य कोणा व्यक्तीचे औदार्य म्हणून दारात यावे, यातच सारा दोष आहे. औदार्याची परतफेड अपेक्षित असते आणि निवडणुकीच्या काळात परतफेडीचे एकच नाणे चालते.

याच्या उलट उदाहरणही याच महाराष्ट्राने घडविले आहे. १९७२ च्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक उरकली होती आणि त्यानंतर पाऊस दगा देऊन गेला. मतांची निकड अशी कोणाला नव्हती. तरीही १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या मजुरांचे मोर्चे, वेळेवर मजुरीसाठीची आंदोलने आणि विरोधी पक्षांचा रेटा यांनी शासनाला स्वस्थ बसू दिले नाही. त्यातूनच रोजगार हमीचा विचार बळावला. तिच्या खर्चासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. कायद्याने मिळालेल्या कामावर कोणाचेही छायाचित्र नसते आणि त्या मजुरीसाठी कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या मागेही हाच महाराष्ट्राचा अनुभव उभा होता.

निवडणुकीमुळे मदत वेगाने मिळत असेल तर त्यात वावगे काय, असा युक्तिवाद केला जातो. सत्ताधाऱ्यांना मतदारांचा धाक असणे हे लोकशाहीचे बळच आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या धाकावर विसंबून राहिल्यास निवडणुकीनंतरच्या चार वर्षांतील दुष्काळाला वाली कोण? दुष्काळ मतदानाचे वेळापत्रक पाहून पडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. टंचाईचे निकष पूर्ण होताच मदत आपोआप सुरू व्हावी, तिला मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये. लाभार्थ्यांच्या याद्या ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या फलकावर लागाव्यात. मदतीच्या पोत्यावर आणि टँकरवर कोणत्याही पक्षाच्या व्यक्तीचे चित्र नसावे. आवर्तनाचे वेळापत्रक वर्षाच्या आरंभीच जाहीर व्हावे आणि ते मोडल्यास कारण लेखी द्यावे.

मनमाडच्या मतदाराने उमेदवाराला विचारावे ते एवढेच: टँकर किती पाठविलेत हे सांगू नका, टँकरची गरज कोणत्या वर्षी संपेल आणि त्यासाठी गेल्या पाच वर्षांत काय केले, ते सांगा. तहानेच्या दिवसांत मिळालेले पाणी हे कोणाचे ऋण नव्हे. ते फेडण्यासाठी मत द्यावयाचे नसते.