पर्मनंट काय करता?

गेल्या महिन्यात आमच्या पुतणीला एक स्थळ सांगून आलं. मुलगा निर्व्यसनी, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, पत्रिकाही जुळलेली. पोह्यांच्या बशा हातात आल्यावर दादांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आपण काय करता?"

"व्हायोलिन वाजवतो."

"ते झालंच हो. पण करता काय?"

मुलगा शांत. म्हणाला, "सकाळी रेकॉर्डिंग असतं, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी एखाद्या वाद्यवृंदात जादा वादक म्हणून बोलावणं. सध्या एका नव्या संगीतकाराची रचना बसवतोय. तिच्यात एके ठिकाणी गजाच्या केसांऐवजी काठीनं तारांवर ठोकायचं असतं."

"म्हणजे पर्मनंट काहीच नाही," दादांनी निकाल दिला. मुलगा जिना उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "ठोकायचंच होतं तर सुतारकाम शिकायचं. चार पैसे तरी मिळाले असते."

स्थळ बारगळलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

अहो, पर्मनंटचं एवढं कौतुक मला सांगू नका. मी एका कचेरीत बत्तीस वर्षं पर्मनंट होतो. पहिल्या दोन वर्षांत काम शिकलो आणि उरलेली तीस तेच केलं. चुकलंच तर कागदावर पांढरी शाई लावायची, फारच चुकलं तर शेजारच्या टेबलावर ढकलायचं. सिनेमाच्या स्टुडिओत एकेकाळी सगळा ताफा एकदम वाजवायचा. मागच्या रांगेतल्या एका व्हायोलिनचा सूर घसरला, की गायिकेपासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! अशी परीक्षा मला रोज द्यावी लागली असती, तर मी पहिल्याच आठवड्यात घरी बसलो असतो.

बरं, 'त्याला सगळंच थोडं थोडं येतं' असं म्हणून नाक मुरडणारेही आहेत. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो आणि समोरच्या कागदावरचं वाजवतो. आपला शास्त्रीय वादक मांडी घालून त्याचं टोक पावलावर टेकवतो, तारा वेगळ्या लावतो आणि कागदावर न मावणारी मींड काढतो. या दोन्ही बैठका एकाच माणसानं सांभाळायच्या, म्हणजे सकाळी कीर्तन करून दुपारी हायकोर्टात वकिली करण्यातला प्रकार. आणि याला आपण म्हणतो फुटकळ!

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असेच. गोव्यातून मुंबईला आलेले व्हायोलिनवादक. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायचे, संगीतकारानं गुणगुणलेल्या चालीचं वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करायचे, शिष्य घडवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. पण गोन्साल्विसांच्या डोक्यात वेगळंच वेड होतं. आपले राग आणि पाश्चात्त्य सिंफनी यांना एका मांडवात आणायचं. त्यासाठी 1958 साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, सारंग रागावर कॉन्चेर्टो रचला. 1965 साली ते अमेरिकेला गेले. पुढे गोव्यात परतून राहिले आणि 2012 साली वारले.

आता सांगा, या माणसाला आपण कशासाठी ओळखतो? वाजवलेल्या एकाही सुरासाठी नाही! पडद्यावर नट-नट्यांची नावं येतात, गायकाचं येतं, संगीतकाराचं तर मोठ्या अक्षरांत येतं. ज्यांच्या व्हायोलिननं आपल्या डोळ्यांत पाणी आणलं, ते सगळे मिळून 'आणि वाद्यवृंद'. पुढे सिंथेसायझर आला, व्हायोलिनच्या रांगा विरळ झाल्या. घरी बसलेल्यांना ना पेन्शन, ना निरोपाचा नारळ. पर्मनंट नाही म्हणून आपण मुलगी देत नाही हे एक वेळ समजू शकतो; पण त्यांची नावं छापायला काय हुंड्यात सोनं लागतं?

परवा रागानं मी दादांना गाठलं. 'अमर अकबर अँथनी' 1977 साली त्यांनी चार वेळा पाहिलेला. म्हटलं, "तुमचा अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ज्याचं नाव सांगतो ना, तो अँथनी गोन्साल्विस खरा माणूस होता. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलंय."

दादा चकित झाले. "काय सांगतोस! काय करायचे ते?"

"व्हायोलिन वाजवायचे."

"ते झालंच रे," दादा म्हणाले, "पण करायचे काय?"