नावातली आडवी रेघ

मराठीच्या तासाला विरामचिन्हं शिकवताना संयोगचिन्हाची दोन कामं मी सांगते. दोन शब्द जोडणं, जसं आई-वडील. आणि ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो तुटल्याची खूण करणं. रेघ एकच, कामं उलटी. आडनावात ही रेघ येते तेव्हा ती यातलं कोणतं काम करते?

पुरुषांच्या नावात ती बहुधा मानातून येते. मोहिते-पाटील, विखे-पाटील. पाटीलकी हे गावचं वतन होतं. वतन कायद्यानं गेलं, नावातला पाटील राहिला. इंग्लंडातल्या जमीनदार घराण्यांतही कधी आजोळची इस्टेट हवी तर आजोळचं आडनावही लावा, अशी अट असे. काहीतरी मिळालं म्हणून नाव लांबलं.

बायकांचं वेगळं. अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर-टिकेकर, माधुरी दीक्षित-नेने ही नावं महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत. दिसायला हा द्वंद्व समास, दोन्ही पदं सारख्या मानाची. पण नवऱ्याकडचं आडनाव ठरल्यासारखं शेवटी येतं, मुलं सहसा तेवढंच घेतात आणि नवरा काही 'नेने-दीक्षित' होत नाही. व्याकरणाची शिक्षिका म्हणून मी याला तत्पुरुषच म्हणेन, दुसरं पद प्रधान. स्पेनमध्ये मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला आईचं आणि वडिलांचं अशी दोन आडनावं जन्मापासून मिळतात आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. तिथं रेघेची गरजच पडत नाही.

आमच्याकडेही मुळात ती नव्हती. इस्लामी रिवाजात बाई निकाहनंतरही बापाच्याच नावानं ओळखली जाते. निकाहनामा तिला नवं नाव देत नाही. आडनाव ही गोष्टही आमच्यात नंतर आली, बरीचशी कुळातून, कसबातून. इतवारीतल्या बोहरी व्यापाऱ्यांत लोखंडवालासारखी धंद्याची आडनावं सापडतील, पलीकडे मोमिनपुऱ्यात विणकरांची घरं अन्सारी लावतात. मग शाळा आली, फॉर्म आला, 'आडनाव, नाव, मधलं नाव' असे तीन रकाने आले. त्यात नसरीन बानो कशी बसवायची? कुणी 'बानो'लाच आडनाव करून टाकतं. आणि मराठी मुलखाच्या चालीप्रमाणे लग्नानंतर मधलं नावही बदललं जातं. शेखांची मुलगी शेखांच्याच घरात गेली तर आडनाव तेच राहतं, पण बाप पुसला जातो आणि तिथं नवरा येतो. मजा म्हणजे यावर कुणी मौलवीही बोलत नाही आणि स्त्रीमुक्तीवालेही नाहीत.

कागदावर एक शब्द किती जड होतो, हे नागपूरला सांगायला नको. यादीत 'हलबा' आहे, त्यात 'हलबा-कोष्टी' वाचता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २००० साली दिला आणि इथल्या विणकर वस्त्यांमधल्या किती घरांची झोप उडाली! आमच्या मुलींची अडचण त्यापुढे लहान आहे, पण रोजची आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं डीएड केलं. गुणपत्रिका वडिलांच्या नावाची, आधार नवऱ्याच्या नावाचं, बँकेत नुसतं 'परवीन'. कागदपत्रं तपासणाऱ्यांनी ती एकच बाई आहे हे मानलं नाही. शपथपत्र, राजपत्रातली जाहिरात, फेऱ्या. तोवर जागा भरली गेली. ओळखीच्या एकानं तिला सल्ला दिला, 'दोन्ही नावं रेघ मारून जोडून टाक.'

सल्ला चांगल्या मनानं दिला होता. तरी मला तो पटत नाही. जोडायची पाळी येते कारण आधी तोडलेलं असतं. ज्या बाईला दोन्ही आडनावं लावायची हौस आहे तिनं खुशाल लावावीत. पण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, धर्माचीही सक्ती नाही. मग हा खटाटोप कुणासाठी?

राज्य सरकारनं एक बरं केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. आई नावात आली, तीही रेघेविना. आता ती आई तिथं कोणत्या नावानं येणार, हे तिच्या जुन्या कागदांवरूनच ठरणार ना?

म्हणून दहावीचे फॉर्म भरताना मी मुलींना उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आपलं पूर्ण नाव लिहून आणायला लावते आणि स्पेलिंग तीनदा तपासते. वर हेही सांगते, बेटा, उद्या निकाह झाला की आधारवर फक्त पत्ता बदल. काही मुली हसतात. परवा एकीच्या अम्मीनं मात्र शाळेत येऊन विचारलं, 'मॅडम, माझं जुनं नाव परत करता येतं का?' तिची कागदपत्रं सध्या माझ्या टेबलावर आहेत.